मागडीचं तळं रामसर, मग आपलं शिवार?

२०२४ च्या जानेवारीत गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावाला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अंकसमुद्र आणि अघनाशिनीची खाडी त्याच वेळी यादीत आली. त्याआधी कर्नाटकात एकटं रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य या यादीत होतं. मागडी म्हणजे शेतीच्या पाण्यासाठी माणसांनी बांधलेला साधा गावतलाव. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस तिथं हजारोंनी उतरतात, म्हणून जगानं दखल घेतली.

मला बोलायचंय ते आपल्या बेळगाव भागाबद्दल. पाणथळ जागा जपण्यासाठीचा रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ पासून आहे. त्याच्या व्याख्येत बांधलेले तलाव येतात, भाताची खाचरंसुद्धा येतात. आणि आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ नियम काय म्हणतात? भातशेती वगळा, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळा, सिंचनाचेही वगळा. रामसर यादीत गेलं म्हणून मागडीला संरक्षण, आणि तसाच शेजारच्या गावचा तलाव वाऱ्यावर! हे मला अजिबात पटत नाही.

येळ्ळूर, शहापूर, वडगावचं बळ्ळारी नाल्याकाठचं शिवार पावसाळ्यात जाऊन बघा. चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलरच्या अगदी मागोमाग गायबगळे चालतात. फाळानं उलटलेल्या चिखलातून किडा वर आला रे आला की चोच मारतात, माणसाला बिचकतही नाहीत. बांधाच्या बिळात खेकडे, खाचरात बेडूक. याला पाणथळ म्हणायचं नाही तर कशाला?

तोच नाला आज जलपर्णीनं आणि शहराच्या सांडपाण्यानं तुंबलाय. पाणी शिवारात पसरतं, रोपं कुजतात, शेतकरी दुबार लावणी करतो. वर कुणीतरी मुरूम टाकून प्लॉट पाडतो. त्या जागेवर थांबणारं पाणी जाणार कुठं? शेजारच्याच्या भातात.

"पक्ष्यांचं नाव लागलं की शेतात पाय ठेवू देणार नाहीत," ही भीती शेतकऱ्यांकडून ऐकायला येते. ती खोटी म्हणून झटकू नये. पण कराराचं तत्त्वच सुज्ञ वापराचं आहे, शेती बंद करा असं तो सांगत नाही. लेखी हमी मागून घ्यावी.

गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागं घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथं करकोचे येतात. रामसरसाठी सरकारनं त्याचा प्रस्ताव पाठवावा. २०१७ च्या नियमांतली भातशेतीची आणि तलावांची सूट काढावी. नाल्यातली जलपर्णी पावसाआधी निघावी, भरावाला परवानगी मिळू नये. येळ्ळूरकरांनो, येत्या ग्रामसभेत हा ठराव आधी तुम्ही मांडा.