टाका घातला म्हणजे बाळाला कोंडलं?

काल रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. 18वा आठवडा चालू आहे तिला. मागच्या खेपेला 21व्या आठवड्यात बाळ गेलं. कळा नाहीत, काही नाही. नुसती कंबर जड वाटत होती, आणि तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड उघडलेलं. या वेळी सोनोग्राफीत त्या तोंडाची लांबी 17 मिलिमीटरच निघाली म्हणून डॉक्टरांनी ते बंद ठेवणाऱ्या टाक्याची तारीख दिली. आणि ही विचारतेय, "ताई, नको ना घालू टाका?"

आत्येसासूबाईंनी मेसेज पाठवलाय, 'प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचवा' छापाचा. पिशवीचा टाका हे परदेशी फॅड, टाका म्हणजे बाळाला कोंडणं, मग सिझर ठरलेलंच, सगळा पैशाचा खेळ. त्यापेक्षा पलंगाच्या पायथ्याशी विटा लावून, पाय वर करून पडून राहा, तोंड आपोआप मिटतं.

परदेशी फॅड? जगभर याला 'शिरोडकर टाका' म्हणतात. मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी 1955 साली तो मांडला, बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या आवरणाची पट्टी वापरून. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅक्डोनाल्डनी सोपी पद्धत काढली. मेसेज मराठीत लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं!

आता त्या विटा. माझं डोकं फिरलं ते इथे. पिशवीचं तोंड बाळाच्या वजनाने सुटणारी गाठ नाही, की पाय वर केले म्हणजे भार उतरला. तिथलं ऊतकच वेळेआधी मऊ पडतं, आखूड होतं. झोपून ते पुन्हा लांब होत नाही. अमेरिकेत तोंड आखूड असलेल्या पहिलटकरणींच्या नोंदी तपासल्या गेल्या, 2013 साली. हालचाली कमी करायला सांगितलेल्यांपैकी 37 टक्के वेळेआधी बाळंत झाल्या, न सांगितलेल्यांपैकी 17 टक्के. आधीच जास्त धोका असलेल्यांनाच विश्रांती सांगितली असेल, हे मान्य. पण फायदा कुठे दिसतोय? गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात महिनोन्महिने पडून राहिलं तर पायात गुठळी व्हायची भीती वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, 'आपण काहीतरी करतोय' या समाधानात टाका घालायची वेळ निघून जाते.

कोंडण्याचं म्हणाल तर, बटव्याची दोरी ओढतात ना, तसा तोंडाभोवती फिरवून आवळलेला तो टाका. बाळ वर, त्याच्या पाण्याच्या पिशवीत. त्याचं अन्न-प्राणवायू वारेतून येतं, या तोंडातून नाही.

सिझरचंही तसंच. खालून घातलेला टाका साधारण 36-37व्या आठवड्यात काढतात, बहुतेक वेळा भूल न देता, काही मिनिटांत. पुढे कळा येऊन बाळंतपण होऊ शकतं. पोटातून घातलेला टाका असेल तर मात्र सिझर लागतं, पण तो क्वचितच घालतात.

पैशाच्या खेळाबद्दल, नाइलाजाने, थोडं कबूल करते. टाका सरसकट सगळ्यांना लागत नाही. टाका घालावा की नाही याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती अशा 1,292 बायकांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल 1993चा. साधारण 25 टाक्यांमागे एकीचं वेळेआधीचं बाळंतपण टळलं. जुळं आहे, एवढ्याच कारणाने टाका घालणंही बरोबर नाही. तेव्हा 'मला का?' हे विचारायलाच हवं.

पण माझ्या बहिणीचं उत्तर स्पष्ट आहे. आधी बाळ लवकर गेलेलं, पोटात एकच बाळ, 24 आठवड्यांच्या आत तोंड 25 मिलिमीटरपेक्षा कमी. नेमक्या अशाच बायकांच्या 5 चाचण्या 2011 साली एकत्र करून पाहिल्या, एकूण 504 जणी. 35 आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या त्या टाका घातलेल्यांपैकी 28 टक्के, न घातलेल्यांपैकी 41. बाळांचे मृत्यू आणि गंभीर आजारही कमी. रामबाण नाही, 28 टक्के काही थोडे नव्हेत. पण विटांपुढे?

कामाची गोष्ट मात्र त्या मेसेजात नाहीच. टाका असताना कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. कळांच्या जोरात टाका तसाच राहिला तर तोंड फाटू शकतं.

रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे डॉक्टरांना विचारून ठेव म्हटलं. तिने लिहून घेतलंय. टाका परवा सकाळी.