तळणीच्या तेलाचं डिझेल तीस रुपयांत? जरा हिशेब मांडू या

सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाने सहकारी संस्था काढली आणि तळणीच्या जुन्या तेलापासून डिझेल बनवलं. तेल फुकट, लिटरला खर्च तीस रुपये, कुठल्याही गाडीत चालतं, धूर नाही. तेल कंपन्यांना हे खुपतंय म्हणून बातमी दाबली जातेय. शेवटी सभासद होण्यासाठी पाच हजार भरायला एक मोबाईल नंबर. जिल्ह्यात तालुके अकरा, मेसेजमध्ये गावाचं नाव मात्र नाही.

तळलेल्या तेलापासून इंधन बनतं, ही थाप नाही. त्याला बायोडिझेल म्हणतात आणि त्याची रीतही जुनी आहे. भानगड आहे ती बाकीच्या वाक्यांत.

तेल फुकट मिळतं म्हणे. कुणाच्या घरात? आपल्याकडे कुरडया-पापड तळून झाले की उरलेलं तेल वाटीत काढून ठेवतात आणि दोन दिवस फोडणीला वापरतात. तरी उदार होऊन धरू, 400 उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घराने महिन्याला अर्धा लिटर दिलं. झाले 200 लिटर. नांगरणीला ट्रॅक्टर तासाला पाचेक लिटर डिझेल पितो. म्हणजे अख्ख्या गावाचं महिन्याचं तेल एका ट्रॅक्टरच्या चाळीस तासांत संपलं!

तेल खरं निघतं ते हायवेवरच्या ढाब्यांत, फरसाणवाल्यांकडे, मंगल कार्यालयांत, वारीच्या दिवसांत पंढरपुरात. तिथे ते फुकट नसतं. डब्यात साठलेल्या काळ्या तेलाला गिऱ्हाईक असतं आणि त्यातलं काही पुन्हा कुणाच्या तरी कढईत पडतं. हे थांबावं म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून मर्यादा घातली: तळून तळून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल तळणीला वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल बायोडिझेलकडे वळवायची ‘रुको’ मोहीम आली. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्या व्यावसायिकांनी नोंदी ठेवायच्या आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असाही नियम झाला. तेव्हा संस्थेला आधी अधिकृत संकलक म्हणून नोंदणी हवी, मग काळ्या तेलाच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त भाव, शिवाय टेम्पो, ड्रम, ड्रायव्हर. तीस रुपयांत यातलं काय काय धरलंय?

एका लिटर तेलातून जवळपास एक लिटर इंधन निघतं, हे खरं आहे. पण 100 लिटर तेलात साधारण 20 लिटर मिथेनॉल घालावं लागतं, त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. मिथेनॉल विषारी, झटकन पेटणारं. ते बाळगायला परवाना लागतो. मिश्रण साधारण 60 अंशांवर ढवळायचं आणि मिथेनॉल 65 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे गोठ्याशेजारी चुलीवर करायचा हा उद्योग नव्हे. सगळं नीट जमलं तर वर पिवळसर इंधन राहतं आणि तळाला काकवीसारखं दाट, तपकिरी ग्लिसरीन बसतं. ढाब्यावरच्या तेलात मात्र भज्यांचा चुरा असतो, पाणी असतं, आणि पुन्हा पुन्हा तापून आम्लही वाढलेलं असतं. ते आधी तपासलं नाही तर या प्रक्रियेला लागणारा कॉस्टिक सोडा पडताच टाकीत इंधनाऐवजी साबण होतो. तो कुणी विकत घेत नाही.

कुठल्याही गाडीत चालतं? बायोडिझेलला आयएस 15607 हे मानक आहे. पंपावरच्या साध्या डिझेलच्या मानकात ते 7 टक्क्यांपर्यंत मिसळायची मुभा आहे. नवी बीएस-6 गाडी असेल तर त्यापुढे जाण्याआधी कंपनीचं मॅन्युअल वाचा. जुन्या गाडीत रबरी नळ्या फुगतात, टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबतो. पामतेलाचं बायोडिझेल असेल तर जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या थंडीत पहाटे घट्ट व्हायला लागतं. तेल नुसतं गाळून टाकीत ओतणाऱ्यांना तर हात जोडतो. ते डिझेलपेक्षा दहापट दाट असतं, इंजेक्टरची वाट लागते.

धुराचं म्हणाल तर काजळी कमी होते, गंधक जवळपास नसतं, पण नायट्रोजनची ऑक्साइडं थोडी वाढू शकतात. इंधन धुतलेलं साबणाचं पाणी ओढ्यात सोडलं तर तो हिशेब वेगळाच.

आता बातमी दाबण्याचं. 10 ऑगस्ट 2019 ला इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांनी 100 शहरांत वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल विकत घेण्यासाठी जाहीर प्रस्ताव मागवले होते. पहिल्या वर्षाचा भाव ठरला होता लिटरला 51 रुपये. दाबायची गोष्ट कुणी जाहिरात देऊन विकत घेत नाही. आणि त्या काळी 51 रुपये भाव असेल, तर आजचे तीस कुठून आले?

राहिले पाच हजार. सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदवलेली असते. तिला नोंदणी क्रमांक असतो, उपविधी असतात, दरवर्षी लेखापरीक्षण होतं. तो क्रमांक मागून घ्या, तालुक्याच्या निबंधक कार्यालयात पडताळा आणि मगच खिशात हात घाला.