दहा सेकंद झोपलेला प्रोग्राम किती राबला?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. प्रोग्रामने प्रोसेसर किती वेळ वापरला हे बघायचं असेल तर सुरू होताना घड्याळ वाचा, संपल्यावर पुन्हा वाचा आणि वजाबाकी करा. लिनक्सवर 'टाइम' कमांड दाखवते त्या तीन आकड्यांपैकी ('रिअल', 'यूजर' आणि 'सिस') 'रिअल' म्हणजे प्रोसेसरचा हाच वेळ. 'यूजर'चा आकडा 'रिअल'पेक्षा मोठा दिसला तर मोजणी गंडली समजा. आणि सी भाषेतलं वेळ मोजणारं 'क्लॉक' फंक्शन सगळीकडे सारखंच चालतं. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी वजाबाकी बघू. टर्मिनलवर 'टाइम स्लीप १०' चालवा; 'स्लीप' हा प्रोग्राम दहा सेकंद नुसता थांबून राहतो. रिअल दहा सेकंदांच्या किंचित वर येईल, यूजर आणि सिस शून्याच्या आसपास. म्हणजे प्रोग्राम दहा सेकंद हजर होता, पण राबला जवळपास नाहीच. खऱ्या प्रोग्रामचंही असंच होतं: डिस्कची वाट, नेटवर्कची वाट, नाहीतर दुसरे प्रोग्राम पुढे असल्यामुळे रांगेत काढलेला वेळ. स्वतःचा कोड चालवण्यात गेलेला वेळ 'यूजर'मध्ये जातो, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) त्याच्या वतीने केलेलं काम 'सिस'मध्ये. या दोन्हींची बेरीज म्हणजे प्रोसेसरचा वेळ. वापरणाऱ्याला किती ताटकळावं लागलं हे मात्र रिअलच सांगतो, त्यामुळे तो निरुपयोगी नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच.

यूजर रिअलपेक्षा मोठा असण्यात काहीच गैर नाही. चार गवंडी दोन तास भिंत बांधत असतील तर मजुरी आठ तासांची होते. प्रोसेसरच्या चार कोअरवर एकाच प्रोग्रामचे चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे चार धागे, चालले की हाच हिशेब. चालू प्रोग्रामांचा प्रोसेसर वापर दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये ३८० टक्के दिसलं म्हणून घाबरणारेही याच गैरसमजाचे बळी.

'क्लॉक'चं प्रकरण जास्त त्रासदायक, कारण तिथे चूक दिसतच नाही. सी भाषेच्या मानकानुसार हे फंक्शन प्रोसेसरचा वेळ देतं. लिनक्सवर तसंच होतं. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत मात्र ते प्रोग्राम सुरू झाल्यापासून घड्याळात गेलेला वेळ देतं. कोड तोच, कंपाइल दोन्हीकडे होतो, अर्थ वेगळा. शिवाय पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) सेकंदाचे दहा लाख भाग मोजले जातात, त्यामुळे ३२ बिटांच्या प्रणालीवर साधारण ७२ मिनिटांनी आकडा फिरून पुन्हा तिथेच येतो. पायथनच्या 'टाइम' मोड्यूलमधल्या 'क्लॉक'लाही हीच दुहेरी वागणूक होती. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत 'प्रोसेस टाइम' आणि 'पर्फ काउंटर' अशी दोन वेगळी फंक्शनं आली आणि २०१९ च्या ३.८ मध्ये जुनं काढूनच टाकलं. बरं झालं.

एवढं ऐकल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: मग यूजर आणि सिस हे आकडे तरी काळ्या दगडावरची रेघ. तसंही नाही. जुनी पद्धत मुकादमाच्या फेरीसारखी होती. टायमरचा ठोका सेकंदाला, समजा, शंभर वेळा पडायचा आणि त्या क्षणी प्रोसेसरवर जो सापडेल त्याच्या नावावर अख्खा ठोका लागायचा. ठोक्याच्या जरा आधी झोपी जाणारा प्रोग्राम फुकटात सुटायचा आणि नुकताच उठलेला बिचारा भुर्दंड भरायचा. २००७ मध्ये लिनक्स २.६.२३ सोबत नवा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसर कधी कोणाला द्यायचा हे ठरवणारा भाग, आला, तो प्रत्येकाचा एकूण वेळ नॅनोसेकंदांत ठेवू लागला. पण त्या एकूण वेळेची यूजर आणि सिस अशी वाटणी बहुतेक ठिकाणी अजूनही ठोक्यांच्या नमुन्यावरूनच होते. म्हणून प्रोग्राम काही मिलिसेकंदांचा असेल तर बेरीज माना, वाटणी मनावर घेऊ नका.

चालू प्रोग्रामचे आकडे बाहेरूनही वाचता येतात. लिनक्सच्या 'प्रोक' या फोल्डरमधल्या त्याच्या 'स्टॅट' फाइलचा चौदावा आणि पंधरावा खाना म्हणजे यूजर आणि सिस, सहसा सेकंदाच्या शंभराव्या भागांत. या प्रोग्रामने सुरू केलेल्या, संपलेल्या आणि त्याने दखल घेतलेल्या उपप्रक्रियांचा वेळ पुढच्या दोन खान्यांत असतो. फक्त दुसऱ्या खान्यात प्रोग्रामचं नाव कंसात येतं, आणि नावात मोकळी जागा असली की पुढचे सगळे खाने सरकतात. म्हणून मोजणी शेवटच्या बंद कंसापासून सुरू करा. माझी एक स्क्रिप्ट दोन दिवस याच कंसात अडकली होती.