पदवी हातात पडली की बंद होणारी दारं

कॉलेजच्या वर्षांचं सोनं कसं करायचं, हे सांगणाऱ्यांची सध्या चलती आहे. पहाटे पाचला उठा, एका वेळी तीन ऑनलाइन कोर्स करा, दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिप शोधा, तिसऱ्या वर्षी रेझ्युमे तयार ठेवा. मी शिकवते, त्यामुळे या सल्ल्यांचा परिणाम समोरच्या बाकांवर रोज दिसतो. मुलं दमलेली असतात, आणि तरी ‘आपण मागे पडतोय’ ही धाकधूक काही जात नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. ऑनलाइन कोर्स पस्तिशीतही करता येतो. पहाटे पाचला तर साठीनंतरही उठता येतं, तेव्हा झोप आपोआपच उडते म्हणतात. पण काही गोष्टी विद्यार्थी असेपर्यंतच मिळतात आणि निकाल लागला की संपतात. हाताशी वेळ थोडा असेल तर आधी त्या पदरात पाडून घ्याव्यात.

उदाहरणार्थ, आयुष्यभर ज्यांनी एकाच विषयाचा ध्यास घेतला अशी माणसं तुमच्यापासून चार खोल्या पलीकडे बसलेली असतात. त्यांच्याशी बोलायला ना ओळख लागते ना फी. नोकरीला लागल्यावर अशा माणसाचा अर्धा तास मिळवायचा तर किती जणांना फोन करावे लागतात, ते एकदा नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. इथे मात्र आमच्या केबिनबाहेर गर्दी होते ती फक्त सबमिशनच्या आठवड्यात, तीही सहीसाठी.

चार्ल्स डार्विनचंच बघा. वडिलांनी आधी डॉक्टरकीला घातलं, ते जमेना. म्हणून १८२८ मध्ये केंब्रिजला पाठवलं, पाद्री होण्यासाठी. तिथेही हा गडी भुंगेरे गोळा करण्यात रमलेला. पण वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो शुक्रवारी संध्याकाळी आपल्या घरी विद्यार्थ्यांना बोलवत, तिथे तो जाऊ लागला. पुढे दोघं इतके वेळा एकत्र फिरायला जात की ‘हेन्स्लोंबरोबर फिरणारा तो’ हीच त्याची ओळख झाली. १८३१ च्या जानेवारीत पदवी परीक्षेत तो १७८ जणांत दहावा आला, आणि आज ते कुणाच्या लक्षातही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेन्स्लोंचं पत्र आलं: बीगल नावाचं जहाज लांबच्या सफरीवर निघतंय, त्यावर निसर्गाचा अभ्यासक हवाय, मी तुझं नाव सुचवलंय. डिसेंबरात हा बावीस वर्षांचा तरुण समुद्रावर होता.

प्रत्येकाचा डार्विन होत नाही, आणि प्रत्येक कॉलेजात हेन्स्लोही नसतात. काही प्राध्यापक शंका विचारली की चिडतात, काहींना खरंच वेळ नसतो. असू दे. सगळ्यांकडे जायचंच नाहीये. तीन-चार वर्षांत एक जरी भेटला तरी पुष्कळ झालं.

लायब्ररीचंही तसंच. संशोधनाच्या जर्नल्सची वर्गणी एकट्या माणसाला न परवडणारी असते, ती कॉलेज किंवा विद्यापीठ तुमच्या वतीने भरतं. विद्यार्थी असताना लॉगिन करून जे वाचता येतं, त्यासाठी पुढे एकेका लेखाचे पैसे मोजावे लागतात. प्रयोगशाळेतली यंत्रं तर नंतर विकत घेण्याचा प्रश्नच नाही. आणि ‘मी विद्यार्थी आहे’ या एका वाक्याची किंमत फार कमी जणांना कळते. अनोळखी तज्ज्ञाला ‘मी अमुक विषय शिकतोय, तुमचं तमुक काम वाचलं, एवढीच शंका आहे’ असा चार ओळींचा ईमेल गेला, तर बरेच जण उत्तर देतात. समोरचा काही विकायला आलेला नाही, हे त्यांना दिसतं. हेच तुम्ही कंपनीच्या ईमेलवरून लिहून बघा.

आता यावर ठरलेला प्रश्न येतो: मॅडम, एवढा वेळ आणायचा कुठून, अभ्यासच उरकत नाही. इथे मी जरा कडक होणार आहे. अभ्यास उरकत नाही, कारण तेच तेच वाचण्यात तास जातात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारेच पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पुन्हा तपासलं तर वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहून काढणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. हायलायटरने पानं पिवळी करणाऱ्या माझ्या समस्त विद्यार्थ्यांना हे सप्रेम भेट. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, आठवेल ते लिहा. जिथे अडाल तेवढंच परत वाचा. वाचवलेले तास मग वर सांगितलेल्या कामी येतील.

मैत्रीबद्दल थोडंच बोलते, कारण ती कशी करायची हे तुम्हाला माझ्याकडून शिकायची गरज नाही. फक्त ग्रुप बदलता ठेवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी नोकऱ्या बदललेल्या लोकांचा अभ्यास करून १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांच्यापैकी फक्त १६.७ टक्के लोकांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. उरलेल्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे, जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणून सायन्सवाल्याने नाटकाच्या तालमीला जावं, कॉमर्सच्या मुलीने ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये नाव द्यावं. गप्पांत दुपार गेली तर जाऊ दे. चौघं एका बाकावर बसून चार मोबाइल बघत असाल, त्याला मात्र मी गप्पा म्हणत नाही.

शिकता शिकता नोकरी करणारे, रोज दोन-दोन तास प्रवास करणारे, घरचं बघून येणारे विद्यार्थीही माझ्या वर्गात असतात. हे सगळं करा, असं त्यांना सांगणं निर्लज्जपणाचं होईल. त्यांच्यासाठी एवढंच: कोर्स, सर्टिफिकेट, स्पर्धा हे सगळं खुशाल सोडा, आणि तुम्हाला आवडलेल्या एका विषयाच्या शिक्षकाला महिन्यातून एकदा लेक्चरनंतर पाच मिनिटं गाठा.

गाठल्यावर बोलायचं काय, ही अडचण अनेकांची असते. ‘करिअरबद्दल गाइड करा’ असं विचारू नका, त्यावर आम्हीही गुळगुळीतच बोलतो. ‘हा भाग इथपर्यंत समजला, या पायरीला अडलो, पुढे काय वाचू?’ असं विचारा. त्यावर आमच्यातले बरेच जण खुर्ची पुढे ओढतात. पुस्तक सांगितलं तर वाचून परत या, अर्धवट वाचलं असेल तरी या.