सात विकेट घेतल्या म्हणून बायको खोटारडी ठरत नाही

विकेट पडली की बायको खोटारडी. पुढच्या मॅचला धुलाई झाली की तोच बॉलर बायकोला मारणारा. मोहम्मद शमीच्या बाबतीत हे 2018 पासून ऐकतेय आणि आता खरंच कान किटले. ऑफिसचं कँटीन असो, लोकलचा डबा असो नाहीतर लग्नाची पंगत, शमीचं नाव निघालं की दोन मिनिटांत विषय त्याच्या बायकोवर येतो आणि ज्याला आयुष्यात कधी एफआयआर वाचायची वेळ आली नाही तो निकाल देऊन मोकळा होतो.

निदान झालं काय ते तरी धड माहीत करून घ्या. मार्च 2018 मध्ये शमीची बायको हसीन जहाँ हिने कोलकात्यात पोलिसांकडे तक्रार केली. मारहाण, छळ, थेट खुनाचा प्रयत्न, असे आरोप शमीवर आणि त्याच्या घरच्यांवर होते. शमीने पहिल्यापासून सगळं नाकारलं. 2019 मध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं, त्यात 498अ (नवऱ्याकडून-सासरकडून छळ) आणि 354अ (लैंगिक छळ) ही कलमं उरली, खुनाच्या प्रयत्नाचं कलम राहिलं नाही. म्हणजे त्याला खुनी ठरवून बसलेलेही चूक आणि 'सगळं बनावट होतं, केस कधीच संपली' म्हणणारेही चूक. पण हे एवढं वाचायची कुणाची तयारी नाही. शमी दोषी आहे असं मी म्हणत नाहीये, ते ठरवायला कोर्ट आहे. माझं डोकं फिरतं ते लोक निकाल कशावरून देतात ते बघून. स्कोअरकार्डवरून देतात!

15 नोव्हेंबर 2023. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध सेमीफायनल. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता, मीही सगळ्यांबरोबर घसा फोडत होते. बुमराच्या बॉलिंगवर शमीने मिडऑनला विल्यमसनचा सोपा कॅच सोडला आणि माझ्या मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "बायकोला मारायला बरे हात चालतात याचे." काही ओव्हरनंतर त्याच शमीने एकाच ओव्हरमध्ये विल्यमसन आणि लॅथम दोघांना काढलं. तोच आवाज, तीच खुर्ची: "दाखवा म्हणावं त्या बाईला! देशासाठी खेळणाऱ्या माणसाला बदनाम करते." हॉल हसला, टाळ्यासुद्धा पडल्या. शमीने 57 रन्समध्ये 7 विकेट घेतल्या त्या रात्री, अप्रतिम स्पेल होता, आणि त्या स्पेलचा कोलकात्यातल्या एका घराच्या बंद दारामागे काय झालं किंवा झालं नाही याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. दोन्ही वेळा नव्हता. आऊटस्विंगरवरून माणूस घरी कसा वागतो हे कळत असतं तर कोर्ट कशाला काढली असती?

त्या हॉलमध्ये बायका होत्या. मागच्या रांगेत, चहाचे कप गोळा करत, पोरांना गप्प करत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे सांगतात की देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 29 टक्क्यांच्या आसपास बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसली आहे. आणि अत्याचार सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. बाकीच्या गप्प का बसतात याचं आश्चर्य वाटणाऱ्यांनी त्या हॉलमधलं हसणं आठवून बघावं. तक्रार केली की आपल्याबद्दल काय बोललं जाईल, हे त्या बायकांना तिथेच, आपल्याच शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं. बोलणाऱ्याला वाटतं तो क्रिकेटवर बोलतोय.

मग येतो पैशाचा मुद्दा. जुलै 2025 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने शमीला महिन्याला 4 लाख द्यायला सांगितलं आणि लोक असे भडकले जणू ते यांच्या पगारातून कापून जाणार होते. "चार लाख! करते काय ती?" अरे, त्यातले अडीच लाख मुलीचे आहेत. शमीच्याच मुलीचे! बायकोचे दीड. शमीचं 2020-21 चं वार्षिक उत्पन्न 7 कोटींच्या वर होतं, त्याचा हिशेब घालून कोर्टाने ती रक्कम ठरवली. 2023 मध्ये अलीपूर कोर्टाने हेच आकडे तिला 50 हजार आणि मुलीला 80 हजार असे धरले होते, त्यावर ती अपिलात गेली. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात लिहिलंय की असा अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न मॅजिस्ट्रेटने करावा. हिला सात वर्षं लागली. चीड यायची तर याची यायला हवी होती. पण नाही, "पैशासाठी केलं सगळं." आणि पुढे हमखास, "चीअरलीडर होती ना ती?" होती, मग? चीअरलीडरला मारलेलं चालतं का?

आणि दुसऱ्या बाजूचेही काही संत नाहीत. ज्यांना शमी मुसलमान म्हणून खुपतो त्यांना ही केस आयती सापडली आहे. 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून 10 विकेटनी हरलो तेव्हा त्याच्यावर किती घाण ओतली गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. हसीन जहाँचा एरवी तिरस्कार करणाऱ्यांना त्याला झोडपायचं असलं की अचानक तिचा कळवळा येतो. तीही मुसलमानच आहे हे तेवढ्यापुरतं सोयीने विसरतात.

क्रिकेट बोर्डाचं वागणं तर याहून संतापजनक. मार्च 2018 मध्ये त्याचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट रोखून ठेवलं, चौकशी लावली, कशाची? हसीनने पैशाच्या एका व्यवहाराचा उल्लेख केला होता, त्यातून फिक्सिंगचा संशय, तेवढ्याची. भ्रष्टाचारविरोधी पथकाचे नीरज कुमार यांनी चौकशी केली, त्यात काही निघालं नाही, पंधरा दिवसांत ब श्रेणीचं कॉन्ट्रॅक्ट हातात. मारहाणीचा प्रश्न बोर्डाच्या कागदावर आलाच नाही. आणि फॅन्सनी त्याचा अर्थ काढला, 'बोर्डाने क्लीन चिट दिली'. कसली क्लीन चिट? जे विचारलंच नाही त्याची?

"कोर्टाचा निकाल येऊ दे, मग बोल," हे वाक्य मला तोंडपाठ झालंय. ठीक. टेनिसपटू लिअँडर पेसच्या बाबतीत आला होता की. त्याची जोडीदार राहिलेल्या रिया पिल्लईने 2014 मध्ये केलेल्या अर्जावर फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने पेसकडून घरगुती हिंसाचार झाला असं म्हटलं आणि महिन्याला 1 लाख पोटगीचा आदेश दिला. खालच्या कोर्टाचा का होईना, निकाल होता. कोण बोललं? 2024 मध्ये तो टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा अभिमानाने ऊर भरून आलेल्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. मी विचारलं तर "आता कशाला काढतेस ते" हे उत्तर. निकालाआधी बोलायचं नाही, निकालानंतर काढायचं नाही. मग बोलायचं कधी?

पुरावा मागणाऱ्यांनी अमेरिकेतल्या रे राइसचं प्रकरण बघावं. फुटबॉलपटू, बाल्टिमोर रेव्हन्सचा. 2014 मध्ये त्याने होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये ठोसा मारून बेशुद्ध केलं, सप्टेंबरमध्ये त्याचा व्हिडिओ जगाने पाहिला, क्लबने त्याला काढलं. त्याच आठवड्यात स्टेडियममध्ये लोक त्याची 27 नंबरची जर्सी घालून आले. बायकासुद्धा. व्हिडिओ बघूनही!

पण सगळ्यात जास्त जीव तुटतो तो विनोद कांबळीवरून, कारण तो आपला, शिवाजी पार्कचा. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच्या बायकोने वांद्रे पोलिसांत तक्रार दिली की दारूच्या नशेत त्याने तव्याचा दांडा फेकून मारला, डोक्याला लागलं. तेव्हा माझ्या ओळखीतल्या भल्याभल्यांचं म्हणणं, "तिनेच संपवलं त्याला." डिसेंबर 2024 मध्ये त्याचे कोच आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्याची अवस्था बघितली, मग तो हॉस्पिटलात, मग जानेवारीत वानखेडेच्या पन्नाशीला तिच्या आधाराने चालत आला. लगेच तीच माणसं, "सावित्री आहे हो ती." घटस्फोटाचा अर्ज केला होता, पण त्याचे हाल बघून मागे घेतला, असं तिने स्वतः सांगितलं, तर त्याचंही कौतुक: बघा, याला म्हणतात बायको. कांबळीच्या आजारपणाचं मलाही वाईट वाटतं, त्याच्या 1993 च्या लागोपाठच्या डबल सेंच्युऱ्यांवर आमची पिढी वाढली. पण ती तक्रार करते तेव्हा डाकीण आणि सेवा करते तेव्हा सावित्री, हे कुठलं माप? तव्याच्या दांड्याबद्दल तिला एक शब्द कुणी विचारला?

आणि हो, "टाळी एका हाताने वाजत नाही" हे मला परत कुणी ऐकवू नका. मारायला एकच हात लागतो.

मी क्रिकेट सोडणार नाही, शमीचा स्पेल अजूनही परत परत बघते आणि बघणार. पण पुढच्या मॅचला माझ्या मागे बसून कुणी हे सुरू केलं तर ओव्हर संपायची वाट बघणार नाही, भर हॉलमध्ये उठून त्याचं तोंड बंद करणार आहे. मॅचचा मूड गेला म्हणून मग माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.