घाण कोणाची, दादा?

आज एकांकडे पुरणपोळीचं जेवण होतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये मराठी घरं मोजकी, त्यामुळे असं आमंत्रण कोणी सोडत नाही. बोलता बोलता इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी लोकांमधल्या सिफिलिस या गुप्तरोगाच्या साथीचा विषय निघाला आणि कटाची आमटी वाढून घेत एक दादा म्हणाले, "या लोकांना सरकार सगळं फुकट देतं, तरी घाण पसरवतातच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नर्स आहे, आणि मीही गप्प बसले. रात्रीचे साडेअकरा झालेत, झोप येत नाहीये.

गेल्या वर्षी तांबड्या मातीच्या रस्त्याने तीन तास गाडी हाणत आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. कोवळी पोर, पहिलटकरीण, सहावा महिना. सिफिलिसच्या तपासणीसाठी रक्त शहरात दिलेलं, पण रिपोर्ट यायच्या आत घरी मयत झाली म्हणून ती निघून गेली. इथलं सुतक, 'सॉरी बिझनेस', आठवडेच्या आठवडे चालतं. आम्हाला बघून तिची आजी दारात आडवी उभी राहिली. "सिस्टर, हिला घेऊन जाणार नाहीस ना?"

दादा, हा प्रश्न उगाच येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात बर्नियर आणि डॉर नावाची बेटं आहेत. १९०८ ते १९१९ या काळात गुप्तरोगाच्या नुसत्या संशयावरून पोलिसांनी ॲबोरिजिनल बायाबापड्यांना, पुरुषांना पकडून तिथे नेलं, कित्येकांना गळ्यात साखळ्या घालून. दीडशेहून जास्त माणसं तिथेच मेली. पुढे पिढ्यान् पिढ्या यांची मुलं उचलून नेली. सरकारी गाडी दिसली की आजीच्या पोटात गोळा येणारच.

आणि घाण कोणाची? आपल्या भावप्रकाशात, सोळाव्या शतकात, या रोगाचं नावच 'फिरंग' आहे. फिरंग्यांबरोबर आला म्हणून. इथेही तो गोऱ्यांच्या जहाजांतूनच उतरला.

हो, दारू आहे, अपॉइंटमेंटही चुकतात. मान्य. पण ही साथ २०११ मध्ये क्वीन्सलंडच्या वायव्येला सुरू झाली, मग नॉर्दर्न टेरिटरी, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं किम्बर्ली, साउथ ऑस्ट्रेलिया. बोटातल्या थेंबावर पंधरा मिनिटांत होणारी तपासणी ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेल्या दवाखान्यांत पोचायला २०१८ उजाडलं. सात वर्षं! सिडनीच्या श्रीमंत उपनगरात बाळं अशी धोक्यात असती तर सात वर्षं काढली असती? सिफिलिस ही राष्ट्रीय महत्त्वाची घटना आहे, ही सरकारी घोषणा तर ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. औषध काय, तर जुनं पेनिसिलिन. लागण नवी असेल तर दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन, एकाच दिवशी काम संपतं. दुखतं खूप, पण पोटातलं बाळ वाचतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. दादा वाईट नाहीत. मी इथे नवीन आले तेव्हा महिनाभर यांच्याच घरून डबा येत होता. त्यांनी ती आजी पाहिलेली नाही, एवढंच.

आमच्याबरोबर त्या वस्तीतलीच हेल्थ वर्कर होती, आजीच्या नात्यातली. ती त्यांच्या भाषेत खूप वेळ बोलली. मी बाजूला उभी. पोरीची मान वर होईना. याला इथे 'शेम' म्हणतात. सांगलीत आमच्या गल्लीत 'गरमी झालीय' म्हणून कुजबुजायचे ना, तेच. मग आजीने खुर्ची ओढली आणि स्वतःचं बोट पुढे केलं. "आधी माझं." तिच्यामागून मावशी, मग मोठी बहीण. पोर सगळ्यात शेवटी.

मार्चमध्ये त्या दोघी बाळाला तपासणीसाठी घेऊन आल्या. बाळ ठणठणीत. आजीने ते माझ्या हातात दिलं आणि नातीला घेऊन चहा प्यायला निघून गेली.