आयुष्मान कार्ड गावच्या डॉक्टरकडे चालत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज चार वेळा येऊन गेला. मेसेज असा: आयुष्मान कार्ड दाखवा, गावातल्या कोणत्याही खासगी डॉक्टरकडे तपासणी, सुई, सलाईन, गोळ्या सगळं फुकट. डॉक्टरनं नाही म्हटलं तर त्याचं लायसन रद्द. घरातल्या प्रत्येकाला वेगळे 5 लाख, उरले तर पुढच्या वर्षी जमा. कार्ड बंद होण्याआधी खालच्या लिंकवर नोंदणी करा.

पहिल्या तीन वेळा मी दुर्लक्ष केलं. माझ्या मोठ्याआईनं तो खरा धरला, म्हणून आता लिहितो आहे.

मोठीआई बहात्तर वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात राहते. बीपीची गोळी उपकेंद्रातून मिळायची, आशाताई आठवण करून द्यायची. मेसेज ऐकल्यावर तिनं तिकडे जाणं सोडलं. कार्ड लॅमिनेशन करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलेलं, ते काढलं आणि तालुक्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर आमच्या घराला पंचवीस वर्षांपासून ओळखतात. कापूस विकला की पैसे द्या म्हणणारा माणूस. ते म्हणाले, आजी, हे कार्ड माझ्याकडे चालत नाही. ही म्हणाली, "काहून नाई चालत? मोबाईलवर तं लिवलं हाये. तुमचं लायसन जाईन!" भरल्या दवाखान्यात. मग फी न देता, गोळी न घेता घरी आली, आणि लाजेनं उपकेंद्रातही गेली नाही. तीन आठवडे गोळी बंद. वेचणीच्या दिवसांत बांधावर चक्कर येऊन बसली तेव्हा आम्हाला कळलं. बीपी 190 वर 110.

आता मुद्द्याचं. आयुष्मान भारत ही योजना 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली. ती दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, म्हणजे ही योजना चालवणारी केंद्राची संस्था, स्वतःच सांगते की वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण दुय्यम आणि तृतीय स्तरावरच्या, म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञांच्या उपचारांसाठी, भरती झालेल्या रुग्णाला आहे. साधी ओपीडी त्यात नाही. ताप, खोकला, बीपी-शुगरची महिन्याची गोळी, ड्रेसिंग, यातलं काहीच नाही. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचंही तेच: ठरलेले आजार, ठरलेल्या शस्त्रक्रिया, अंगीकृत दवाखाने.

अंगीकृत हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे योजनेनं आपल्या यादीत घेतलेला दवाखाना. दवाखान्यानं स्वतः अर्ज करावा लागतो, आणि आयुष्मानच्या निकषांत निदान 10 खाटा लागतात. आमच्या डॉक्टरांकडे एक तपासायचं टेबल आणि भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली सलाईनची बाटली, एवढंच आहे. त्यांनी मनात आणलं तरी ते या योजनेत येऊ शकत नाहीत. मग नकार दिला म्हणून लायसन कसं जाईल? ज्या माणसानं आपल्या घरातली तीन बाळंतपणं पाहिली, त्याला ही धमकी ऐकावी लागली, याचा मला फार राग आहे. कारवाई होते ती अंगीकृत दवाखान्यावर, त्यानं योजनेतल्या भरतीसाठी रुग्णाकडून पैसे मागितले तर. असं झालं तर आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला सांगा, नाहीतर 155388 किंवा 14555 वर तक्रार नोंदवा.

मेसेजमधल्या काही गोष्टींना थोडा आधार आहे, तेही सांगतो. आयुष्मानमध्ये भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि सुट्टीनंतरचे 15 दिवस यांतली तपासणी आणि औषधं धरलेली आहेत. पण त्याला भरती झालेली पाहिजे. प्रत्येकाला वेगळे 5 लाख हे चूक, ते साऱ्या कुटुंबाचे मिळून असतात. सत्तर वर्षांवरच्यांसाठी मात्र ऑक्टोबर 2024 पासून वय वंदना कार्ड आहे. कुटुंब आधीच योजनेत असेल तर घरातल्या अशा ज्येष्ठांसाठी 5 लाखांपर्यंतचं जादा संरक्षण मिळतं. मोठीआई त्यात बसते, आणि तिचं ते काढून घ्यायचं आहे. पण तेही भरतीसाठीच. उरलेले पैसे पुढच्या वर्षी जमा होत नाहीत. लिंकवर जाऊन आधार नंबर आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका. कार्ड सेतूत निघतं, आयुष्मानच्या अधिकृत ॲपवरही निघतं.

मग रोजच्या दुखण्याला फुकट डॉक्टर नाहीच का? आहे, फक्त तो खासगी नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी, औषध सगळं निःशुल्क आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळं यात येतं. वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना वेगळ्या खात्याचा, त्याला हा निर्णय लागू नाही, हे यवतमाळला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत या उपचारांना कार्डच लागत नाही.

लोक अशा मेसेजवर विश्वास का ठेवतात, हे मला कळतं. उपकेंद्राला दुपारी कुलूप दिसतं, कधी गोळ्या संपलेल्या असतात, आणि रात्री पोराला ताप चढला की दार उघडणारा खासगी डॉक्टरच असतो. त्याची फी सरकारनं भरावी, ही मागणी मी पण करीन. पण जी सोय अजून झालीच नाही, ती झाली म्हणून सांगितलं की म्हातारी माणसं हातातली गोळी सोडून देतात.

परवा मी मोठ्याआईला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो, राहिलेली फी दिली. ती काही बोलली नाही, नुसते हात जोडले. डॉक्टरांनी पट्टा बांधून बीपी पाहिला, 150 वर 90. म्हणाले, "आजी, गोळी उपकेंद्रातूनच घ्या, तीच चांगली आहे." कार्ड परत पिशवीत गेलं आहे, रेशनकार्डाच्या सोबत. सोमवारी आशाताई येणार आहे.